चिमटा ठेवला

लातूर, २० जून १९९९

बडे अब्बा,

सलाम. माझ्या आठ तारखेच्या पत्रात एक चूक आहे. बाकी काही लिहिण्याआधी ती दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की आपल्या कारखान्याच्या 'शाही'ची नमुन्याची पाचही घड्याळं मागे पडतात. ते खरं नाही. घड्याळं बरोबर आहेत. मी ज्याच्याशी ताळा घेतला तेच चुकीचं होतं.

रेडिओचे सेल जाळू नको, समोरच्या क्लासची घंटा दिवसभर वाजते, तिच्याशी ताळा घे, असं तुम्ही कळवलं होतं. मी तसंच केलं. तुमच्या मुज्तबांनी घड्याळं नांदेडहून चालू ठेवूनच आणली होती. मी त्यांना रोज सकाळी चावी देत होते आणि घंटा झाली की बघत होते. पाचही घड्याळं सहा मिनिटं मागे. मी तसं लिहून टाकलं.

काल अम्मीने बातम्यांसाठी रेडिओ लावला. आठचे ठोके पडले तेव्हा घंटा केव्हाच होऊन गेली होती, मुलं आत जाऊन बसलीही होती. मी खाली जाऊन शिपायाला विचारलं. तो हसायला लागला. "ताई, आमचं घड्याळ मुद्दाम पुढं हाय. अण्णाराव सरांचा हुकूम हाय तसा. पोरांना वाटलं पाहिजे, आपण मागं पडलो."

मला आधीच शंका यायला हवी होती. पाच घड्याळं चुकली तर पाच तऱ्हांनी चुकतात. सगळी एकाच अंतराने मागे असली तर चूक बघणाऱ्याची असते. अब्बांनी मला आकडे शाळेत घालायच्या आधी डायलवर शिकवले, तेव्हाच हेही सांगितलं होतं. तरी मी विसरले.

या घड्याळांच्या मशीन व्यंकटीकाकांनी लावलेल्या आहेत. माझ्या पत्रावरून त्यांना काही बोलला असाल तर कृपा करून ते मागे घ्या. कारखान्यात आलेलं पत्र सगळ्यांसमोर मराठीतच वाचायचं, हा दादांनी, तुमच्या अब्बांनी, कारखाना काढला तेव्हापासूनचा नियम आहे. आठ तारखेचं वाचलं असेल, तसंच हेही सगळ्यांसमोर वाचावं, एवढंच मागते.

अलीझा


नांदेड, २७ जून

बेटी अलीझा,

दुआ. तुझं पत्र मिळालं. किती जपून लिहितेस! आसिफ असता तर त्याचा ऊर भरून आला असता. पण बेटी, काटा उलटा फिरवला की मशीन बिघडते. हेही त्यानेच तुला शिकवलं असेल.

आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा वाचायला व्यंकटीच बसला, नेहमीसारखा. तुझं अक्षर बघून खूश झाला. "आमच्या लेकराचं पत्र हाय, हात थांबवा रे," म्हणाला. सगळ्यांनी हात थांबवले. मग वाचत गेला. 'मागे पडतात' या शब्दांपाशी अडखळला. मी म्हटलं, वाच व्यंकटी, पुढे वाच. शेवटच्या सलामापर्यंत वाचलं त्याने. मग चष्मा काढला आणि आपला घड्याळ जुळवायचा चिमटा टेबलावर ठेवला. मी एक शब्दही बोललो नाही. अल्लाहला ठाऊक आहे.

रिवाज तुला माहीत आहे. ज्याचं घड्याळ चुकीचं निघेल त्याने चिमटा ठेवायचा. चूक सुधारली की मालकाने तो स्वतःच्या हाताने परत द्यायचा. तोवर त्याने कामाला बसायचं नाही. चाळीस वर्षांत व्यंकटीवर ही वेळ कधी आली नव्हती. चिमटा माझ्या खणात आहे.

झालं ते एका परीने बरंच झालं. 'शाही'ला आता नवं रूप द्यायचं आहे. केस पातळ, पट्टा काळा चामड्याचा, आत हैदराबादची सेलची मशीन. चावी द्यायची कटकट नाही, म्हणजे दर्जा वाढलाच की. व्यंकटी म्हणायचा, "शाहीच्या पोटात सेल घालायचा तर आधी माझं मढं उचला." कारागीर सगळे त्याच्या बाजूचे. आता कुणी तोंड उघडत नाही.

अण्णाराव सरांनी बारावीच्या गुणवंतांसाठी नवी शाही मागितली आहे. पंधरा ऑगस्टला त्यांच्या पटांगणात झेंडावंदनानंतर वाटप. डायलवरचे आकडे जुन्या पद्धतीने तुझ्याच हातचे हवेत. कोऱ्या डायलची पेटी आसिफच्या जुन्या गिऱ्हाइकाबरोबर पाठवतो. तू स्टेजवर बसायचं. चांगला दुपट्टा घे.

व्यंकटीची फिकीर करू नको. मी सरांकडे शब्द टाकला. त्यांचा शिपाई चारच दिवसांपूर्वी सोडून गेला, त्यांना घंटा वाजवायला माणूस हवाच होता. तुझ्या खिडकीसमोरच असेल. अधूनमधून लक्ष ठेव.

तुझं हे दुसरं पत्र वाचलं गेलं नाही. आता वाचणारा कोण आहे?

चांदपाशा


लातूर, ४ जुलै

मुज्तबा,

सलाम. तुम्हाला एक गोष्ट सरळ विचारते, रागावू नका.

व्यंकटीकाका समोर आले आहेत. खाकी शर्ट दिला आहे, तो खांद्यावर मोठा होतो. ते घंटेखाली स्टुलावर बसतात आणि वरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत राहतात. वेळ झाली की उठतात आणि टोला देतात. पहिल्या दिवशी टोला देऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मी खिडकीत उभी होते. त्यांच्या हातावर जुनी शाही आहे. मग त्यांनी बाही खाली ओढली. आता रोज बाही खालीच असते.

मी भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन खाली गेले. म्हटलं, काका, माझी चूक झाली. ते म्हणाले, "क्लासच्या टायमाला बाहेरच्यांनी बोलायचं न्हाई, ताई." त्यांनी मला कधीच ताई म्हटलं नव्हतं. डबा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन रिकामा परत पाठवला. रिकामा डबा आपल्यात कुणी परत पाठवतं का? अम्मी ते बघून रडली.

मला विचारायचं ते हे. घंटेशी ताळा घे, असं बडे अब्बांनी मला कळवलं, तेव्हा ती घंटा पुढे आहे हे त्यांना ठाऊक होतं का? त्यांना माहीत नसेल, अशी माझी खात्री आहे. पण खात्री आहे असं नुसतं लिहून चालत नाही, हे मी नुकतंच शिकले आहे. म्हणून विचारते.

अलीझा


नांदेड, ११ जुलै

अलीझा,

तू लई मनाला लावून घेऊन राहिलीस. घड्याळाच्या धंद्यात सहा मिनिटं म्हणजे काय? आमच्या स्टँडवर लातूरची एसटी तासभर उशिरा सुटते, तिचा चिमटा कोण ठेवतो? हसलीस का? हस थोडं.

त्या घंटेचं विचारलंस. अगं, क्लासचं ते मोठं घड्याळ आपल्याच कारखान्यातून गेलेलं हाय! अब्बांनी स्वतः जाऊन बसवून दिलं. पुढं ठेवायची युक्तीही त्यांचीच. सर म्हणत होते, पोरं आळशी झालीत, काय करू? अब्बा म्हणाले, सर, काटा पुढं सारा, पोरं आपोआप पळतील. सर तर खूश. दर परीक्षेला आणखी थोडा पुढं सारतात म्हणे. लातूरची मुलं उगाच पहिली येत नाहीत!

तर अब्बांना कसं माहीत नसेल? पण त्यांनी तुला खोटं लिहायला सांगितलं का? नाही. त्यांनी फक्त घंटेशी ताळा घे म्हटलं. जे दिसलं ते तू लिहिलंस. अब्बा म्हणतात, आपल्या घरात अलीझासारखं खरं बोलणारं कुणी नाही. तिने लिहिलं की व्यंकटीसुद्धा एका शब्दाने वाद घालणार नाही. बघ, किती विश्वास हाय तुझ्यावर.

व्यंकटीकाकांचं मलाही वाईट वाटतं. पण ते तरी काय कायमचे राहणार होते? आता पंधरा ऑगस्टपर्यंत शांत राहा. ईदनंतर आपल्या लग्नाचं बोलणं पुढं नेऊ, असं अब्बा म्हणून राहिलेत.

मी परवा हैदराबादला चाललोय, मशीनवाल्यांच्या घरीच उतरतो. फार माया करतात. त्यांची आलिया डायल छापायच्या कामात हुशार हाय. तुझ्यासारखी बारीक नजर.

मुज्तबा


लातूर, १८ जुलै

बडे अब्बा,

सलाम. मुज्तबांचं पत्र मिळालं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

मला तुमच्याशी भांडता येत नाही. अब्बा गेल्यावर माझ्या हाती ब्रश राहिला तो तुमच्यामुळे, हे मी विसरलेले नाही. म्हणून दादांच्या रिवाजाप्रमाणेच वागते. ज्याचं काम चुकीचं निघालं त्याने हत्यार ठेवायचं. व्यंकटीकाकांची घड्याळं बरोबर होती, चूक माझी निघाली. म्हणून मी माझा ब्रश ठेवला. व्यंकटीकाकांचा चिमटा सगळ्यांसमोर त्यांच्या हातात परत दिला जाईल, त्या दिवशी उचलेन.

डायलची पेटी परत पाठवते आहे. एकाही डायलवर आकडा काढलेला नाही. पेटी सरळ धरावी, डायलच्या मिन्याच्या लेपाला ओरखडा पडतो.

माझ्यामुळे काम अडेल, याचं वाईट वाटतं.

अलीझा


नांदेड, २६ जुलै

बेटी,

पेटी सरळ पोचली. एकाही डायलवर ओरखडा नाही. ब्रश ठेवतानाही तू काम चोख केलंस.

एक कोरं डायल नुसतंच केसमध्ये बसवून पाहिलं. दोन काटे आणि पांढरा शुभ्र मिना. सुबहानल्लाह! हैदराबादवाले म्हणाले, चांदपाशा, हीच तर नवी शाही! मोठ्या शहरांत आता आकडे कुणालाच नको असतात. ज्याला घड्याळ कळतं त्याला आकडे लागत नाहीत. अण्णाराव सरांना दाखवलं, त्यांनाही पटलं. म्हणजे तुझ्या रुसण्याने आमचं डिझाइन झालं. काम काही अडलं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

प्रत्येक डबीत एक कार्ड घालणार आहोत. छपाई झाली. तुला एक पाठवतो. मजकूर असा आहे:

'किल्लारीच्या भूकंपात आमचे बंधू आसिफमियाँ गेले, पण त्यांच्याजवळची शाही थांबली नाही. तीच शाही आता नव्या रूपात, नव्या दर्जात. "जुनी मशीन मागे पडते, हे मी स्वतः ताळा घेऊन पाहिले आहे." अलीझा आसिफ.'

तुझेच शब्द आहेत. जरा आटोपशीर केले, इतकंच. पंधरा तारखेला सर हे स्टेजवरून वाचतील आणि तू गुणवंतांना घड्याळं द्यायची. मुलांचे आईबाप, गावातले व्यापारी, सगळे असतील.

आणखी दोन गोष्टी. मुज्तबाचं हैदराबादला पक्कं झालं. आलिया चांगली मुलगी आहे, आणि मशीनही घरातलीच झाली. तू समजूतदार आहेस, त्याला दुवाच देशील. दुसरं, लातूरच्या खोलीचं. ती मी तुम्हाला आसिफच्या आठवणीखातर दिली होती. तुझ्या अम्मीने, बानोने, या वयात घर शोधत फिरावं असं मला वाटत नाही. तुलाही वाटत नसेल.

चांदपाशा


(क्लासच्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदावर, अम्मीच्या हाती दिलेलं)

१ ऑगस्ट

अलीझा,

तू रोज खिडकीत उभी राहतीस. उभी राहू नकोस, पोरं बघत्यात.

तू माफी मागाया आलीस तवा मी तोंड फिरवलं. ते रागानं. आजूनबी राग हाय, खोटं कशाला लिहू? तुला पाळण्यात आसिफमियाँच्या घड्याळाची टिकटिक ऐकवून निजवलं मी. आन् तू मला एक शब्द न्हाई इचारला. लिहायच्या आदी इचाराचं हुतं, काका, आसं कसं? एवढंच. मी सांगितलं आसतं.

तुझं पत्र म्या वाचलं मोठ्यानं. मधीच थांबलो आसतो तर लोक म्हनले आसते व्यंकटीनं लपवलं. म्हनून वाचलं. चिमटाबी म्हनूनच ठेवला.

कारड बघितलं. सरांनी गठ्ठा माझ्याच हाती दिला, घड्याळाच्या डब्यांत घालाया. आसिफमियाँच्या घड्याळाचं त्यात लिहिलंय ते तुला ठावं हाय कसं हुतं. तू दाराआड उभी हुतीस, म्या बघितलं हुतं तुला.

माफी मागू नको. ताळा कर. बरोबर ताळा कर. घंटा माझ्या हातात हाय.

व्यंकटी


लातूर, ८ ऑगस्ट

बडे अब्बा,

सलाम. तुमचं पत्र आणि कार्ड मिळालं. कार्डात दोन चुका आहेत.

पहिली तुम्हाला माहीतच आहे. जुनी मशीन मागे पडत नव्हती.

दुसरी मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलं नाही. अब्बा किल्लारीकडच्या त्या गावात शाही पोचवायला गेले होते आणि गणपती विसर्जनाची गर्दी म्हणून गिऱ्हाइकाच्याच घरी थांबले होते. व्यंकटीकाकांनी तिसऱ्या दिवशी त्यांना शोधलं. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, हातात घड्याळ आणि अब्बांचा चिमटा. आत येण्याआधी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी दाराआड होते. त्यांना बोटांनी चावी फिरवताना मी पाहिलं. मग आत येऊन त्यांनी घड्याळ अम्मीच्या कानाशी धरलं आणि म्हणाले, "वहिनी, चालू हाय बघा." घड्याळ बंद होतं, बडे अब्बा. चावीचं घड्याळ दोन दिवसांच्या वर चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अम्मीला ऐकायला काहीतरी मिळावं म्हणून त्यांनी चावी दिली होती. तुम्ही त्या दिवशी आलात तेव्हा पहिल्यांदा विचारलंत, घड्याळ कुठे आहे? मग ते घेऊन गेलात आणि काचेच्या पेटीत ठेवलंत. आता ते कार्डावर छापलंत.

त्यात माझं नाव आहे. त्या कार्डाखाली माझं नाव राहू द्यायचं की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. खोली, मुज्तबा, हे सगळं त्याच्यानंतर येतं, हे मी खूप विचार करून ठरवलं. विचार करताना मला फार भीती वाटली, हेही खरं आहे. अम्मीला विचारलं. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "खोलीला काय, चार भिंतीच त्या. पडलेल्या भिंती आपण बघितल्यात." ट्रंक काल बांधून झाली. खोलीची किल्ली यासोबत पाठवते.

मुज्तबांना आणि आलियाला दुवा कळवा. आलियाला एवढं नक्की सांगा की तिची बारीक नजर कुणी वाखाणली तर जरा सावध राहावं.

व्यंकटीकाकांना मी यावेळी विचारलं. लेखी नाही, घंटेखाली जाऊन, सगळ्या मुलांसमोर. म्हटलं, काका, मी बोलले तर तुमचं हेही काम जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. लई दिस खोटे टोले दिले. हात दुखतोय." आणि मला म्हणाले, "बस, माय." बसायला स्टूल दिलं.

आता मी काय करणार आहे ते आधीच सांगून ठेवते. न कळवता केलं तर माझ्यात आणि त्या घंटेत काय फरक राहील?

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी स्टेजवर येईन. मला येऊ दिलं नाही तर पटांगणात लोकांमध्ये उभी राहीन. कार्डं आईबापांच्या हातात असतील, त्यांवरची अलीझा कोण, हे कुणी ना कुणी विचारेलच. अम्मीचा रेडिओ मी सोबत आणेन, त्यात नवे सेल घातले आहेत. वरचं मोठं घड्याळ आठ दाखवेल तेव्हा घंटा होणार नाही. सर ओरडतील. व्यंकटीकाका जागचे हलणार नाहीत. रेडिओचे ठोके पडतील तेव्हा ते टोला देतील. तोवर सगळं पटांगण, मुलं, आईबाप, व्यापारी, तुम्ही, सगळे वरच्या घड्याळाकडे बघत राहाल आणि ते किती पुढे आहे हे प्रत्येकाला कळेल. त्यानंतर मी माझं वीस जूनचं पत्र वाचेन, जे कारखान्यात वाचलं गेलं नाही.

आणि मग चिमटा. तुमच्या खणातला तुम्ही घेऊन आलात आणि स्वतःच्या हाताने काकांना दिलात तर मी तिथेच तुमच्या पाया पडेन, खरंच. नाही आणलात तर माझ्याजवळ अब्बांचा आहे, तोच मी देईन. मालकानेच द्यावा असा रिवाज आहे. आसिफमियाँ तुमच्याबरोबरीचे मालक होते आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी आहे. हे मी आजवर कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं असेल, माफ करा.

हे पत्र कारखान्यात वाचायला कुणी नसेल तर रिवाजाप्रमाणे तुम्ही स्वतः वाचा. मोठ्याने, हात थांबवून.

पंधरा ऑगस्ट, रविवार, रेडिओच्या आठ वाजता.

अलीझा आसिफ